मिठाच्या कणांतील बिऱ्हाडें



स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीकडे कोणी भयानें पाहिल्याचें ऐकिवांत नाहीं. भाजींत मीठ नसेल तर बोभाटा होतो, आणि असेल तर त्याची कोणाला आठवणहि होत नाहीं, इतका हा साधा व निरुपद्रवी पदार्थ. परंतु ह्या मिठाची कुळकथा शोधूं गेलें असतां मोठी विलक्षण हकीकत निघते. मीठ ज्या दोन मूलद्रव्यांचें बनलें आहे, त्यांपैकीं एक सोडियम. हा धातु चाकूनें कापतां येईल इतका मऊ असतो व ताज्या कापावर रुप्यासारखा चकाकतो. पण हवा लागली कीं निस्तेज होतो, आणि पाण्यांत टाकला तर सळसळत पृष्ठभागावर धावूं लागतो व पुष्कळदां पेट घेतो. म्हणून प्रयोगशाळेंत तो रॉकेलांत किंवा तशाच एखाद्या तेलांत बुडवून ठेवावा लागतो. दुसरें मूलद्रव्य क्लोरीन. हा पिवळट हिरव्या रंगाचा, घसा व छाती जाळणारा वायु. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र गांवाजवळ जर्मन सैन्यानें हाच वायु शत्रूच्या खंदकांवर सोडला, आणि खंदकांतील शिपाई गुदमरून मेले.

आतां विचार करावा. पाण्यावर पेटणारा एक आणि माणसें मारणारा दुसरा, अशा दोघांच्या संयोगापासून आपण ताटांत डाव्या बाजूस वाढतों तो पदार्थ कसा झाला? सोडियमचा दाहकपणा गेला कोठें? क्लोरीनचें विष कोणीं काढून घेतलें? उत्तर असें आहे कीं, कोणीं कांहींहि काढून घेतलें नाहीं. फक्त एका इलेक्ट्रॉननें बिऱ्हाड बदललें.

एवढें एकच वाक्य आज समजून घ्यावयाचें आहे. नभोवाणीवरून बोलतांना मजपाशीं फळा नाहीं, खडू नाहीं, आणि पहिल्या बाकावरील मुलाच्या चेहऱ्यावरून त्याला कळलें कीं नाहीं हें ताडण्याची सोयहि नाहीं. तेव्हां चित्रें आपणच मनांत काढावयाचीं आहेत.

अणूची कल्पना फार जुनी. आपल्याकडे कणादानें व ग्रीस देशांत डेमॉक्रिटसनें ती मांडली. पण त्या दोघांच्याहि हातीं तराजू नव्हता. तराजू हातीं घेऊन अणूचा विचार केला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत जॉन डाल्टन ह्यांनीं. हे गृहस्थ मुळांत शाळामास्तर होते, हें मला येथें सांगावेसें वाटतें. त्यांच्या मतें अणु म्हणजे फोडतां न येणारी गोळी. ही गोळी सुमारें नव्वद वर्षें अभंग राहिली. १८९७ सालीं केंब्रिज येथें जे. जे. थॉम्सन ह्यांनीं दाखवून दिलें कीं, पदार्थांतून ऋण विद्युत्‌भार असलेले कण निघतात, आणि त्यांतील एकेकाचें वजन सर्वांत हलक्या अशा हायड्रोजनच्या अणूच्या अठराशेव्या हिश्शाहूनहि कमी असतें. हाच इलेक्ट्रॉन. पुढें मँचेस्टर येथें अर्नेस्ट रदरफोर्ड ह्यांच्या हाताखालीं गायगर व मार्सडेन ह्यांनीं १९०९ सालीं सोन्याच्या अत्यंत पातळ वर्खावर आल्फा कणांचा मारा केला. बहुतेक सारे कण वर्खांतून सरळ पार गेले. पण हजारोंतून एखादा चक्क माघारीं उलटला. कापसाच्या ढिगावर मारलेली गोळी परत यावी, तशांतला हा प्रकार. १९११ सालीं रदरफोर्ड ह्यांनीं त्याचा अर्थ लाविला: अणूचें बहुतेक सर्व वजन व सर्व धन विद्युत्‌भार मध्यभागीं एका अतिसूक्ष्म गर्भांत सांठलेला आहे, आणि बाकीची जागा जवळजवळ मोकळी आहे. सोडियमच्या अणूचा गर्भ हरभऱ्याच्या दाण्याएवढा कल्पिला, तर त्या अणूची वेस सुमारें २०० मीटर दूर जाईल. मधल्या साऱ्या मैदानांत अवघे ११ इलेक्ट्रॉन.

गर्भांत धन विद्युत्‌भाराचे प्रोटॉन असतात, आणि भाररहित असे न्यूट्रॉन असतात. न्यूट्रॉनचा शोध चॅडविक ह्यांनीं १९३२ सालीं लाविला. प्रोटॉनांची संख्या हीच मूलद्रव्याची खरी ओळख होय, व तिलाच अणुक्रमांक म्हणतात. हा क्रमांक केवळ यादींतील नंबर नसून गर्भावरील विद्युत्‌भाराचें प्रत्यक्ष माप आहे, हें १९१३ सालीं हेन्री मोझ्ले नांवाच्या तरुणानें क्ष-किरणांच्या साहाय्यानें सिद्ध केलें. हा बुद्धिमान पुरुष १९१५ च्या ऑगस्टांत गॅलिपोलीच्या रणांगणावर वयाच्या २७ व्या वर्षीं मारला गेला. ज्या वर्षीं क्लोरीन खंदकांत सोडला गेला, तेंच हें वर्ष. रसायनशास्त्राचें फळ आणि रसायनशास्त्राचा माळी, दोन्हीं त्या युद्धानें एकदमच उधळलीं.

सोडियमच्या गर्भांत ११ प्रोटॉन व १२ न्यूट्रॉन असतात. क्लोरीनच्या गर्भांत प्रोटॉन १७. न्यूट्रॉन मात्र कांहीं अणूंत १८ आणि कांहींत २०. दर चार अणूंत सुमारें तीन पहिल्या जातीचे व एक दुसऱ्या जातीचा. आपल्या बरणींतील मिठांत ह्या दोन्ही जाती मिसळलेल्या असतात. पण जिभेला त्यांतील भेद कधीं कळला आहे काय? जिभेचें राहूं द्या, रासायनिक क्रियांनाहि तो फारसा कळत नाहीं. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. गर्भांत दोन न्यूट्रॉन कमी असोत कीं जास्त असोत, अणूच्या बाहेरच्या व्यवहारांत त्यांचा जवळजवळ कांहीं संबंध नसतो. कुळाचें नांव गर्भावरून पडतें. शेजाऱ्यापाजाऱ्यांशीं देणेंघेणें मात्र उंबऱ्याशीं बसलेले इलेक्ट्रॉन करीत असतात.

हे इलेक्ट्रॉन बसतात तरी कसे? पुष्कळ पुस्तकांच्या वेष्टणावर अणूचें चित्र सूर्यमालेसारखें काढलेलें असतें: मध्यें सूर्य, भोंवतीं ग्रह. चित्र दिसावयास सुबक आहे, पण तें एकदां मुलाच्या मनांत बसलें म्हणजे पुढें तें पुसतांना शिक्षकाच्या नाकीं नऊ येतात. विद्युत्‌भार असलेला कण असा गरगर फिरत राहिला तर त्यानें प्रकाश बाहेर टाकीत आपली शक्ति गमवावी व एका पळाच्याहि आंत गर्भांत जाऊन पडावें, असें जुन्या विद्युत्‌शास्त्राचें गणित सांगतें. तसें खरोखर झालें असतें तर मीठ राहिलें नसतें व मीठ खाणारेहि राहिले नसते. १९१३ सालीं कोपनहेगनच्या नील्स बोर ह्यांनीं असा तोडगा काढला कीं, इलेक्ट्रॉनला ठराविक पायऱ्यांवरच उभें राहतां येतें, दोन पायऱ्यांच्या अधांतरीं नाहीं. १९२६ सालीं श्रोडिंगर ह्यांनीं ह्याहून खोल गणित दिलें. त्यांत इलेक्ट्रॉनची वाट नाहींच. तो कोठें सांपडण्याचा संभव किती, एवढेंच त्यांत मिळतें. कक्षा गेली आणि तिच्या जागीं धुक्यासारखा मेघ आला; कोठें वाटोळा, कोठें समोरासमोरच्या दोन पाकळ्यांसारखा.

हें गणित आपण बाजूस ठेवूं आणि मुंबईच्या चाळीचा दाखला घेऊं. दाखला तो दाखलाच. चाळींतील माणूस बाहेर पडतां दिसतो, इलेक्ट्रॉन तसा दिसत नाहीं, हें विसरूं नये.

अशी एक चाळ कल्पावी कीं, जिच्या जोत्याखालीं अणुगर्भ आहे व त्यावर मजले चढत गेले आहेत. पहिल्या मजल्यावर एकच खोली. दुसऱ्यावर दर्शनी एक आणि तिच्यामागें एकसारख्या तीन, मिळून चार. तिसऱ्यावर एक, तीन आणि आणखी मागच्या बाजूस पांच, मिळून नऊ. चौथ्यावर ह्याहून जास्त, सोळा. प्रत्येक खोलींत फक्त दोघांना जागा, आणि तेहि एक उजवा व एक डावरा असेच पाहिजेत; दोघे उजवे किंवा दोघे डावरे एका खोलींत चालत नाहींत. हें कलम १९२५ सालीं वोल्फगांग पाउली ह्यांनीं सांगितलें. तेव्हां पहिल्या मजल्यावर २, दुसऱ्यावर ८, तिसऱ्यावर १८ व चौथ्यावर ३२ जागा झाल्या. मुलें हे आकडे घोकतात. पण ते खोल्यांची संख्या दुप्पट करून आलेले आहेत एवढें जरी सांगितलें, तरी घोकण्याचे अर्धे श्रम वांचतात.

दुसरें कलम असें कीं, गर्भाच्या ओढीमुळें खालच्या जागा आधीं भरतात, कारण वर चढण्यास शक्ति खर्चावी लागते. तिसरें असें कीं, एकाच दर्जाच्या खोल्या मोकळ्या असतां इलेक्ट्रॉन आधीं एकेकटे राहतात. सर्व खोल्यांत एकेक झाल्यावरच जोड्या लागूं लागतात. दोघांचाहि भार ऋण, तेव्हां एकमेकांपासून दूर राहणें त्यांना सोयीचें, हें त्याचें एक कारण.

आतां बिऱ्हाडें भरूं. हायड्रोजनजवळ १ इलेक्ट्रॉन, हेलियमजवळ २. येथेंच पहिला मजला भरला. लिथियमपासून दुसरा मजला सुरू होतो तो १० क्रमांकाच्या निऑनपाशीं भरतो. निऑन कोणाशींहि संयोग करीत नाहीं, कारण त्याला देण्यासारखा सैल इलेक्ट्रॉन नाहीं व घेण्यास सोयीची मोकळी जागाहि नाहीं. ११ वें सोडियम: दोन मजले भरले, तिसऱ्यावर दर्शनी खोलींत एकटाच एक. १७ वें क्लोरीन: तिसऱ्या मजल्यावर सात, म्हणजे पहिल्या चार खोल्यांत एकच जागा शिल्लक. १८ वा आर्गन: त्या चारहि खोल्या भरल्या. आपण जी हवा श्वासावाटें घेतों तिच्यांत शंभरांत सुमारें एक भाग आर्गन असतो. तो आंत जातो आणि जसाच्या तसा बाहेर येतो.

सोडियमचा तो एकटा व क्लोरीनची ती मोकळी जागा ध्यानांत घेतली म्हणजे मिठाचें कोडें सुटत आलें. तिसऱ्या मजल्यावरचा एकटा सोडियमची चाळ सोडून क्लोरीनच्या चाळींत गेला. राहिलें सोडियम, त्याची मांडणी निऑनसारखी, पण प्रोटॉन ११ व इलेक्ट्रॉन १० असल्यामुळें त्यावर धन भार. झालेलें क्लोरीन, त्याची मांडणी आर्गनसारखी, पण त्यावर ऋण भार. भार असलेल्या अशा अणूंस आयन म्हणतात. मांडणी निऑनसारखी झाली म्हणून सोडियम निऑन होत नाहीं, कारण गर्भ बदललेला नाहीं. तें सोडियमच राहतें, फक्त त्याचा आग लावणारा हात आतां रिकामा झालेला असतो.

ह्या ठिकाणीं एका गैरसमजाकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. सोडियमला इलेक्ट्रॉन ‘द्यावयाचा असतो’, क्लोरीनला तो ‘हवा असतो’, अशी भाषा सर्रास वापरली जाते. अणूला इच्छा नाहीं. हिशेब पाहा. २३ ग्रॅम सोडियमची वाफ घेतली, तर तिच्यांतील प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन काढण्यास ४९६ किलोजूल शक्ति खर्चावी लागते. दुसरा इलेक्ट्रॉन काढूं गेलें तर ४५६२ किलोजूल, म्हणजे नऊपटींहून जास्त! पहिला तिसऱ्या मजल्यावरचा होता व दुसरा खालच्या भरलेल्या मजल्यावरचा आहे, हें ह्या दोन आंकड्यांवरून आंधळ्यालाहि दिसावें. उलट बाजूस तितकेच क्लोरीनचे अणु इलेक्ट्रॉन घेतांना ३४९ किलोजूल परत करतात. खर्च ४९६, जमा ३४९. व्यवहारांत १४७ ची तूट! मग हा व्यवहार होतो कसा? तूट भरून काढतो तो मिठाचा स्फटिक. धन व ऋण आयन परस्परांस ओढून अशा रीतीनें रचले जातात कीं, प्रत्येक सोडियमभोंवतीं सहा क्लोरीन व प्रत्येक क्लोरीनभोंवतीं सहा सोडियम येतात. आणि ह्या रचनेंत ७८७ किलोजूल मोकळे होतात. सोडियमची वाफ करणें व क्लोरीनची जोडी फोडणें ह्यांचा खर्च वजा घातला, तरी ४११ किलोजूल हातीं उरतात. मिठाच्या खड्याची चौकोनी घडण आपण भिंगांतून पाहतों, ती ह्याच रचनेची बाहेर दिसणारी खूण.

क्लोरीनची जोडी असें मी म्हटलें. क्लोरीन वायूंत दोन दोन अणु एकेक इलेक्ट्रॉन सामाईक ठेवून कसेंबसें भागवीत असतात. ओलसर फुप्फुस सांपडलें कीं तेथील पदार्थांचे इलेक्ट्रॉन ते ओढून घेतात, आणि हेंच त्याचें विष. मिठांतील क्लोरीनला तो इलेक्ट्रॉन आधींच मिळालेला असल्यामुळें तें कोणाच्या वाटेस जात नाहीं. पण हें वाटेस न जाणें कायमचें असतें असें समजूं नये. कपडे पांढरे करण्याचा किंवा जंतु मारण्याचा जो ब्लीचचा द्राव येतो, त्यांतील क्लोरीन इलेक्ट्रॉनला पारखें झालेलें असतें. आणि संडास धुण्याच्या आम्लांत पुष्कळदां जें हायड्रोक्लोरिक आम्ल असतें, त्यांतील क्लोरीनजवळ इलेक्ट्रॉन भरपूर असतो. अधिक स्वच्छता व्हावी म्हणून कोणी हीं दोन्हीं एकत्र ओततात. त्याबरोबर एका क्लोरीनचा इलेक्ट्रॉन दुसरें हिसकून घेतें, आणि दोन्हीं मिळून वायुरूपानें बाहेर पडतात. ईप्रच्या खंदकांत सोडलेला तोच वायु बंद न्हाणीघरांत तयार होतो. हीं दोन्हीं द्रव्यें कधींहि एकत्र करूं नयेत, व एकामागून एक लागलीच वापरूंहि नयेत. घरांत मोलकरीण काम करीत असेल तर तिलाहि हें समजावून सांगावें. बाटलीवरील बारीक अक्षर तिनें वाचावें अशी अपेक्षा धरणें बरोबर नाहीं.

हे मजले कोणीं डोळ्यांनीं पाहिले, असें कोणी विचारील. मजले दिसत नाहींत, पण त्यांवरून होणारी चढउतार दिसते. शेगडीच्या निळ्या ज्योतींत मिठाचें पाणी उडालें म्हणजे ज्योत क्षणभर पिवळी होते, हें प्रत्येक गृहिणीनें पाहिलेलें आहे. ज्योतीच्या उष्णतेनें सोडियमचा तो एकटा इलेक्ट्रॉन तिसऱ्या मजल्यावरील दर्शनी खोलींतून मागच्या तीन खोल्यांपैकीं एकींत चढतो. तेथें त्याचा टिकाव लागत नाहीं, आणि परत उतरतांना तो घेतलेली शक्ति पिवळ्या प्रकाशाच्या रूपानें टाकतो. तो प्रकाश लोलकांतून पाहिला तर ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर लांबीच्या लहरींच्या दोन जुळ्या रेघा दिसतात. चढण ठरलेली, म्हणून उतरण ठरलेली, म्हणून रंगहि ठरलेला. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा निराळ्या, जणूं अंगठ्याचे ठसे.

ह्याच सोडियमच्या रेघांच्या शेजारीं एक पाहुणी रेघ दिसली, त्याची हकीकत आपल्या देशाशीं निगडित आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं हिंदुस्थानांतून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. फ्रेंच ज्योतिर्विद झान्सन ह्यांनीं गुंटूर येथें तळ देऊन सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्या ग्रहणाच्या निरीक्षणांत एक पिवळी रेघ आढळली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरांत नॉर्मन लॉक्यर ह्यांनीं इंग्लंडांत बसून, ग्रहण नसतांनाहि, ती रेघ पाहिली. तिच्या लहरींची लांबी ५८७.६ नॅनोमीटर, सोडियमच्या जवळची, पण सोडियमची नव्हे. त्या अज्ञात द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नांवावरून हेलियम हें नांव मिळालें. कोंकणांत विजयदुर्गाच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओटे दाखवितात, आणि हेलियमचा शोध तेथेंच लागला असें पुष्कळजण अभिमानानें सांगतात. अभिमान असावा, परंतु सनावळीहि असावी. लॉक्यर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. त्यापूर्वीं तीन वर्षें, म्हणजे १८९५ सालीं, विल्यम रॅम्से ह्यांनीं युरेनियमच्या एका खनिजांतून हेलियम पृथ्वीवरच हस्तगत केला होता. कट्ट्यांवरून सूर्य पाहिला गेला ही गोष्ट कांहीं लहान नाहीं. तिला दुसऱ्या गोष्टीचा मुकुट कशाला घालावा?

हेलियमची रेघ आपल्या शेगडीच्या ज्योतींत कधीं दिसत नाहीं. त्याचे दोन्ही इलेक्ट्रॉन पहिल्या मजल्यावर, गर्भाच्या अगदीं लगत. त्यांतील एकाला दुसऱ्या मजल्यावर नेण्यास, सोडियमच्या इलेक्ट्रॉनला पिवळ्या प्रकाशासाठीं जितकें चढवावें लागतें, त्याच्या नऊपटींहून अधिक शक्ति लागते. सूर्याच्या कडेवरील तप्त ज्वालांत ती मिळते. ज्योतींत मिळत नाहीं.

आतां मी ज्यासाठीं तुम्हांस इतकें चालविलें त्या प्रश्नाकडे येतों. शाळेंत २, ८, ८, १ ही पोटॅशियमची मांडणी पाठ करवितात. पुढें २, ८, ८, २ हें कॅल्शियम आलें कीं धडा संपतो. वर्गांत एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी उभी राहून विचारते, “गुरुजी, तिसऱ्या मजल्यावर १८ जागा आहेत असें आपणच सांगितलें. तेथें आठच भरल्या. मग १९ वा इलेक्ट्रॉन चौथ्या मजल्यावर कां गेला?” प्रश्न बिनतोड आहे. ‘हें परीक्षेस नाहीं’ असें म्हणून ह्या मुलाला खालीं बसविणारे शिक्षक मीं पाहिले आहेत. तो मुलगा खालीं बसतो तो रसायनशास्त्रापुरता कायमचाच बसतो.

उत्तर त्या मागच्या पांच खोल्यांत आहे. मजला तिसरा खरा, पण त्या खोल्यांतील इलेक्ट्रॉनचा मेघ गर्भाच्या जवळ फारसा पोंचत नाहीं, आणि आंतले अठरा बिऱ्हाडकरू गर्भाची ओढ मध्येंच अडवून धरतात. उलट चौथ्या मजल्याच्या दर्शनी खोलीचा मेघ वाटोळा. त्याचा बराच भाग बाहेर पसरलेला असला, तरी थोडा भाग पार गर्भापाशीं जाऊन पोंचतो व ओढीचा लाभ घेतो. म्हणून पोटॅशियम व कॅल्शियम ह्यांच्या चाळींत चौथ्या मजल्याची दर्शनी खोली तिसऱ्या मजल्याच्या मागच्या खोल्यांपेक्षां स्वस्त पडते. मजल्याचा नंबर पाहून भाडें ठरत नाहीं. खोली पाहून ठरतें. आणि ह्याला साक्ष कोणाची, तर खुद्द पोटॅशियमची. तें सोडियमसारखेंच मऊ व पाण्यावर पेटणारें. फक्त ज्योत जांभळट. बाहेरच्या खोलींत एकटाच इलेक्ट्रॉन, म्हणून स्वभाव एकच. इलेक्ट्रॉनचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें तेव्हां, १८६९ सालीं, रशियाच्या मेंडेलीव्ह ह्यांनीं केवळ गुणधर्म पाहून हीं दोन्हीं एकाच कुटुंबांत बसविलीं होतीं.

दर्शनी खोली भरल्यावर मग त्या पांच खोल्या भरूं लागतात. पांच खोल्या, दहा जागा. म्हणून २१ क्रमांकाच्या स्कँडियमपासून ३० क्रमांकाच्या जस्तापर्यंत बरोबर दहा मूलद्रव्यें, आणि तीं सारीं धातु. त्यांत २६ वें लोखंड. त्याच्या पांच खोल्यांत सहा इलेक्ट्रॉन, म्हणजे एका खोलींत जोडी व चार खोल्यांत एकेकटे. लोखंडाला लोहचुंबक ओढतो त्याचें मूळ ह्या एकेकट्यांत आहे. लोखंड संयोग करितांना कधीं दोन इलेक्ट्रॉन देतें, कधीं तीन. आपल्या रक्तांत प्राणवायु वाहून नेणारें लोह हें दोन दिलेलें; खिडकीच्या गजावरील तांबूस गंज हें तीन दिलेलें. येथें एक मौज आहे. चौथ्या मजल्यावर आधीं आलेले दोघेच आधीं निघून जातात. कारण गर्भांत प्रोटॉन वाढत गेले तशा मागच्या पांच खोल्या अधिकाधिक खालीं ओढल्या गेल्या, आणि दर्शनी खोली उंबऱ्याबाहेर पडल्यासारखी झाली. भाडें कायमचें ठरलेलें नसतें. प्रत्येक नव्या प्रोटॉनाबरोबर तें बदलतें. म्हणूनच २४ वें क्रोमियम आणि २९ वें तांबें नियमाला सोडून वागतात: तांब्याच्या त्या पांचहि खोल्या भरलेल्या, दहा इलेक्ट्रॉन, आणि चौथ्या मजल्यावर एकटाच.

आठ ह्या आंकड्याचें माहात्म्यहि ह्यावरून ओळखावें. एक अधिक तीन खोल्या भरल्या म्हणजे आठ होतात व अणु बहुधा स्वस्थ बसतो, इतकाच त्याचा अर्थ. कॅनडांतील व्हँकूव्हर येथें नील बार्टलेट ह्यांनीं १९६२ सालीं झेनॉन ह्या उदासीन समजल्या जाणाऱ्या वायूचें संयुग तयार करून दाखविलें. झेनॉनचे बाहेरचे आठ पांचव्या मजल्यावर, गर्भापासून इतके दूर, कीं पुरेसा ओढणारा भेटला तर तेहि हलतात.

वेळ थोडा राहिला. कागद घेऊन ३१ पासून पुढें आपण स्वतः मांडून पाहावें. तिसरा मजला आतां अठराहि जागांनीं भरलेला आहे, आणि चौथ्यावर दर्शनी खोलीमागच्या तीन खोल्या भरावयाच्या आहेत. ३५ व्या क्रमांकावर या. त्याचें नांव ब्रोमीन. तपकिरी रंगाचा, उग्र वासाचा द्रव. त्याच्या चौथ्या मजल्यावर किती इलेक्ट्रॉन येतात तें मोजावें, आणि तें मूलद्रव्य कोणाच्या खालीं लिहावयाचें हें पुस्तक न उघडतां ठरवावें.